कोरी जागा रद्द

१२ जानेवारी, रविवार

मी, कमलाकांत असनारे, वय वर्षे सहासष्ट, धंदा पूर्वी वकिली व नोटरी, सध्या काही नाही, राहणार अमरावती, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की आज सकाळी साडेसात वाजता छत्री तलावाच्या काठावर बसून मी एक कडुनिंब रंगवला. तो कडुनिंबासारखा दिसत नाही, कोबीसारखा दिसतो. पण रंगवला मीच, आणि रंगवताना एवढा आनंद झाला की घरी येताना स्कूटर दोनदा चुकीच्या गल्लीत शिरली.

ही डायरी गोदावरीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, दिवाळीत आणून दिली होती. दिवाळीत माझी नोटरीची मुदत संपली. शिक्का जमा केला, कोर्टाच्या आवारातलं टेबल उचललं. त्यानंतर मी म्हणे दोन महिने खुर्चीत बसून भिंत पाहत होतो. हे विधान अतिशयोक्त आहे. मी अधूनमधून जेवतही होतो.

माझे गुरू डोमाजी. वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी माझ्या टेबलाशी यायचे. यंदा टेबल दिसलं नाही म्हणून घरी आले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, हयातीचा दाखला मले नाई, तुमाले लागते. रविवारी तलावावर येत जा. आमी झाडं काढतो." मी जायला दोन महिने लावले, हे वेगळं.

माणूस काटक, सत्तरीचा. वनखात्याचे नकाशे रंगवता रंगवता झाडं रंगवायला लागला. उजव्या हातावर मनगटापासून वर 'डोमाजी' असं हिरव्या अक्षरांत गोंदलेलं आहे, लांबूनही वाचता येईल एवढं मोठं. जंगलात हरवलो तर सापडणाऱ्याला नाव कळावं, म्हणून आईनं जत्रेत गोंदवून घेतलं, असं सांगतात.

मी त्यांना पांढरा रंग मागितला. म्हणाले, "पांढरा डबीत नसते. कागदात असते. जिथं उजेड पायजे तिथं कागद सोडून द्या." इथेच माझी अडचण आहे. सदतीस वर्षं मी मजकूर संपला की खालच्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारत आलो. नाहीतर मागाहून कोणी तिथे एक शून्य वाढवतो, कोणी एक एकर. कोरी जागा म्हणजे दगा, हे माझ्या हाताला पक्कं माहीत आहे. त्यामुळे माझा कागद या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवा झाला. डोमाजी म्हणाले, "हवा यायले तरी खिडकी ठेवायची."

(या पानावरील खालची कोरी जागा रेघ मारून रद्द. क. अ.)

१४ जानेवारी

संक्रांत. आज एक गोष्ट घडली, ती तपशीलवार लिहून ठेवतो.

रविवारी डोमाजींनी त्यांचं एक चित्र दाखवलं होतं, पोहऱ्याच्या जंगलातले साग. काय सांगू. पानगळीतले उंच साग, खाली वाळकी पानं, आणि खोडांच्या मधून ऊन असं येतं की आपण डोळे बारीक करतो. घरी बघून सराव करावा म्हणून मी फोटो काढला. वारा होता, म्हणून डोमाजींनी बाह्या सरसावून दोन्ही हातांनी चित्र समोर धरलं.

तो फोटो आज आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पोहऱ्याचे साग. जलरंग.' पुढची ओळ 'चित्रकार : श्री. डोमाजी' अशीच लिहिणार होतो. तेवढ्यात गोदावरीनं तिळगूळ घेऊन शेजारी पिटाळलं. परत येऊन पाहतो तर अकरा अंगठे, आणि केशवरावांचा मजकूर : 'वकीलसाहेब, ही कला इतकी वर्षं कुठे दडवली होती? साष्टांग दंडवत.'

केशवराव म्हणजे आमचे अकोल्याचे व्याही, अदितीचे सासरे. पस्तीस वर्षं गणित शिकवलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांनी माझं कौतुक एकदाच केलं, तेही पंगतीतल्या जिलबीबद्दल. मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो आणि मग लिहिलं, 'धन्यवाद.'

कायद्याच्या दृष्टीनं हे खोटं विधान नाही. अपूर्ण विधान आहे.

अदितीनं लगेच लिहिलं, 'बाबा, खूप छान. आता रोज काढा.' सोबत हसता हसता डोळ्यांतून पाणी येतंय असा पिवळा चेहरा पाठवला, एक नाही, चार. मुलगी हळवी आहे.

१९ जानेवारी, रविवार

केशवरावांचा फोन. अकोल्यात नवं घर बांधून झालं आहे, वास्तुशांत ६ मार्चला. "वकीलसाहेब, हॉलमधली समोरची भिंत मी मोकळी ठेवून राहिलो. तीन फूट बाय दोन फूट फ्रेम सांगितली आहे. तुमचं चित्र पाहिजे. तुमच्या हातचं, बरं का." 'हातचं' हा शब्द त्यांनी तीनदा उच्चारला. गणिताची माणसं, पुन्हा पुन्हा सांगायची सवय. त्यांच्या सगळ्या पाहुण्यांना कळवून झालं आहे म्हणे.

नाही म्हटलं तर अदितीची सासरी नाचक्की. हो म्हटलं तर माझ्याजवळ कोबी. मी हो म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तिळाचे तीन लाडू खाल्ले.

सकाळच्या वर्गात पाच झाडं काढली. डोमाजी लांबून बघून म्हणाले, "आज त भाजीबाजार भरला."

२४ जानेवारी

रोज रंगवतो आहे. सकाळी चहाच्या आधी एक, दुपारी झोपेऐवजी दोन. आज चुकून ब्रश चहात बुडवला आणि आणखी चुकून रंगाचं पाणी प्यायलो. गोदावरी म्हणाली, चव विचारू का? मी म्हटलं, जरा मातकट. ती एवढी हसली की ओट्याला धरून उभी राहिली. तिला असं हसताना किती दिवसांत पाहिलं नव्हतं, आठवत नाही.

सॅप ग्रीन नावाची हिरवी ट्यूब संपली. डोमाजी म्हणाले, बरं झालं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज डोमाजींना सगळं सांगून टाकलं. ते तळ्याकडे तोंड करून हसत राहिले, मग खोकला लागला, मग पुन्हा हसले.

"मंग माझंच घेऊन जा न एक. मोठं काढून देतो."

"पण त्यावर तुमची सही असेल."

"मी सही करतच नाई. झाड काय मी लावलं का? ऊन मी पाडलं का? सही कायची करू?"

खरंच, त्यांच्या एकाही चित्रावर सही नाही. म्हणजे मोठं, सुंदर, बिनसहीचं चित्र मिळणार. खाली उजव्या कोपऱ्यात क. असनारे एवढं लिहिलं की झालं. आयुष्यात लाखभर सह्या केल्या असतील, त्यात एकीची भर. परत येताना रस्ताभर मी या गोष्टीचा विचार केला नाही, असं लिहिणार होतो. केला. राजकमल चौकापर्यंत केला.

माझे बिघडलेले कागद घरातून नाहीसे होत आहेत. गोदावरीला विचारलं तर म्हणते, डब्यांखाली घातले. आज तर ती शिवणाची टेप घेऊन कागद मोजत होती. फळीच्या मापानं कापायचे असतील. कलेची ही किंमत.

(कोरी जागा रद्द.)

९ फेब्रुवारी, रविवार

डोमाजी मला पोहऱ्याच्या जंगलात घेऊन गेले. स्कूटरवर मागे बसून ते मला रस्ता नाही, झाडं सांगत होते. धावडा, मोईन, तिवस, ऐन. मी म्हटलं, डोमाजी, समोर ट्रक आहे. ते म्हणाले, "ट्रक रोजच असते, तो मोईन पाहा."

जंगलात पोचल्यावर मला हसूच येत होतं. कारण काही नाही. वाळलेल्या सागाच्या पानांवरून चाललं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो, एवढंच. मी मुद्दाम चार वेळा इकडून तिकडे गेलो. डोमाजी म्हणाले, "वकीलसाहेब, जनावरं पळून राहिली." मग गुपचूप बसलो आणि पहिल्यांदाच माझं झाड झाडासारखं आलं. खोडाची एक बाजू काळी, दुसरी बाजू तांबूस. फक्त मधली उजेडाची जागा मी शेवटी भरून टाकली. हात थांबलाच नाही.

डोमाजींनी डोक्याला हात लावला. "एवढं चांगलं चालू होतं. काहून बुजवलं?"

मी म्हटलं, मोकळं वाटत होतं. ते म्हणाले, "मोकळंच असते थे."

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस मला जन्मभर पुरेल.

पुन्हा पोहऱ्याला गेलो. पळसाला तांबड्या कळ्या धरल्या आहेत. मी साग काढले, चार, मागे पुसट टेकडी, खाली पाचोळा. मधे उजेडाची वाट उरली होती. मी ब्रश भरला, पिवळट मातकट रंग, वाट बुजवायला हात पुढे केला, आणि वरून एक वानर आलं. माझ्या शेजारच्या डब्यात गोदावरीनं दिलेले शंकरपाळे होते. त्यानं एका हातानं डबा उचलला, दुसऱ्या हातानं माझ्या हातातला ब्रश ओढला आणि सागावर जाऊन बसलं. आधी शंकरपाळा खाल्ला, मग ब्रश चाखला, मग ब्रश फेकून न देता काखेत धरून पुढच्या झाडावर गेलं.

दुसरा ब्रश आणला नव्हता. डोमाजींचा मागितला तर त्यांनी तो सरळ खिशात घातला. "आज नाई देत."

मी हात बांधून बसलो. कागद वाळत गेला. आणि वाळता वाळता ती मधली कोरी जागा उजळायला लागली. मी काहीही केलं नव्हतं आणि तिथे ऊन पडलं होतं. चारी सागांमधून सरळ माझ्या पायापर्यंत. मी डोमाजींचा हात धरला.  

"घ्या," डोमाजी म्हणाले. "महिनाभर मी सांगून राहिलो थे आयकलं नाई. वांदरानं एका मिनटात शिकवलं."

कागद लहानच आहे, वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा. तीन फूट बाय दोनच्या फ्रेमला काय उपयोग? पण मी तो देवघराशेजारी उभा करून ठेवला आहे आणि पाणी प्यायच्या निमित्तानं जाऊन बघतो. आज नऊ वेळा पाणी प्यायलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

डोमाजींनी चित्र आणून दिलं. पूर्ण मापाचं. साग, पळस, उतरती पायवाट. एवढं सुंदर की मला त्यांचा जरा रागच आला. सही नाही.

अदितीचा फोन. म्हणाली, "बाबा, टेन्शन घेऊ नका. जमेल तसं आणा. लहान असलं तरी चालेल." पोरीवर सासरी केवढा दबाव असेल. मी म्हटलं, काळजी करू नको, मोठंच आणतो. तिनं घाईघाईनं आईला फोन द्यायला सांगितलं.

२५ फेब्रुवारी

वानराच्या दिवसाचा कागद सापडत नाही. देवघराजवळ नाही, फाइलीत नाही, गादीखाली नाही. गोदावरी भाजी निवडत शांतपणे म्हणाली, "डब्यांखाली गेला असेल." मी सगळे डबे उतरवले. डब्यांखाली वर्तमानपत्रं आहेत. मी तिच्यावर आवाज चढवला. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, असा आवाज कधी चढवला नव्हता. ती म्हणाली, "अहो, मिळेल." मला वाईट वाटलं. तो एकच खरा माझा होता.

मग दुपारी टेबलाशी बसलो. डोमाजींचं चित्र समोर, हातात काळी बारीक निब. कोपऱ्यात सहीला बरोबर जागा आहे. पक्षकार समोर नसेल तर मी कधी शिक्का मारला नाही. दारू पिऊन आलेल्याला परत पाठवलं, रडत आलेल्या बाईला पाणी देऊन आधी तुम्हाला मान्य आहे का विचारलं. सदतीस वर्षांत माझ्या सहीखालची एकही गोष्ट खोटी निघाली नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच आहे.

निब वाळली. पुन्हा बुडवली. पुन्हा वाळली.

मग चित्र उलटं केलं आणि पाठीमागे लिहिलं : 'प्रमाणित करण्यात येते की, पलीकडील बाजूचे चित्र श्री. डोमाजी, निवृत्त वनरक्षक, यांनी स्वतःच्या हाताने काढले असून त्यांना मी व्यक्तिशः ओळखतो.' खाली सही केली, तारीख घातली. शिक्का नाही, तर अंगठ्यानं एक गोल दाबला, हिरव्या रंगाचा.

आता अकोल्यात सगळ्यांसमोर सांगावं लागणार. केशवराव पुढची नऊ वर्षं जिलबीबद्दलही बोलणार नाहीत. अदितीला मान खाली घालावी लागेल, त्याचं जास्त वाटतं. पण आज गाढ झोप येईल, हेही खरं आहे.

५ मार्च

डोमाजींनाही सोबत घेतो आहे. दस्त लिहून देणारा समक्ष हजर हवा. ते म्हणाले, लग्नात शिवलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू का? मी म्हटलं, घाला.

गोदावरीनं एक चपटं पुडकं आठवड्यापूर्वीच कुरियरनं अकोल्याला पाठवलं होतं, पावती मला आज सापडली. विचारलं तर म्हणाली, ब्लाऊजपीस. असेल.

६ मार्च

सावकाश लिहितो. एकही गोष्ट सुटायला नको.

बडनेरा, मूर्तिजापूर, सगळ्या रस्त्यानं पळस पेटलेला. डोमाजी खिडकीतून त्याला नमस्कार करत होते. घरी पोचलो तेव्हा पूजा आटोपत आली होती. समोरच्या भिंतीवर फ्रेम लावलेली, तिच्यावर पिवळं कापड टाकलेलं. मला वाटलं, रिकामी आहे, माझ्या चित्राची वाट पाहते आहे.

केशवरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वकीलसाहेब, आणलं?"

मी उभा राहिलो.  म्हणालो, "आणलं आहे. पण हे चित्र माझं नाही. संक्रांतीला पाठवलेलंही माझं नव्हतं. दोन्ही या डोमाजींची आहेत. मी खोटं बोललो. यात अदितीचा काही दोष नाही."

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. अदितीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे.

केशवरावांनी शांतपणे चष्मा लावला, खिशातून फोन काढला, आणि संक्रांतीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. मग म्हणाले, "डोमाजी, जरा उजवी बाही वर करता का?"

डोमाजींनी बाही वर केली. केशवरावांनी फोन त्यांच्या हाताशेजारी धरला. चित्र धरलेला हात, आणि त्यावर ठळक हिरव्या अक्षरांत 'डोमाजी'.

"वकीलसाहेब," केशवराव म्हणाले, "पुरावा तुम्हीच दाखल केला होता. पहिल्याच दिवशी. ग्रुपमधल्या सगळ्यांनी वाचला, फक्त तुमी सोडून."

अदिती रडत नव्हती, हसत होती. अख्खं घर हसलं. हसण्यात सगळ्यात मोठा आवाज डोमाजींचा होता, मग माझा. मला खाली बसावं लागलं.

मी विचारलं, मग चित्र कशाला मागितलं? केशवराव एकदम गंभीर झाले. म्हणाले, "तुमी धन्यवाद लिहिलं न, तेव्हा वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, दोन महिन्यांनी आज हे स्वतःहून काही बोलले, कोणी काही विचारू नका. मग मी म्हटलं, याइले गृहपाठ देऊ. गृहपाठ असला की पोरगं उठते."

मग अदितीनं कापड ओढलं. तीन फूट बाय दोनची फ्रेम. आत पांढराशुभ्र पुठ्ठा, आणि त्याच्या मधोमध कापलेल्या खिडकीत, वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा, माझा वानराच्या दिवसाचा कागद. चार साग. मधून ऊन.

गोदावरी माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "डब्यांखाली मी वर्तमानपत्रच घालते. त्या दिवशी डबे उतरवेपर्यंत कधी दिसलं नाही तुम्हाला." मी चारचौघांत तिचा हात धरला. एकेचाळीस वर्षांत हेही पहिल्यांदाच. तिनं सोडवून घेतला नाही.

डोमाजींचं चित्र केशवरावांनी देवघरासमोर लावायला घेतलं. त्याआधी डोमाजींनी ते उलटं करून पाठीमागचा मजकूर बोट ठेवून वाचला, दोनदा. हिरव्या गोलावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "पेन्शनचा दाखला दरवर्षी नवा काढावा लागते. हा एकच पुरे." आणि बाहीनं डोळे पुसले.

७ मार्च

अमरावती. सकाळी तळ्यावर जाऊन आलो. वार रविवार नाही, तरीही. डोमाजी आधीच बसले होते.

काल त्या फ्रेमसमोर उभा होतो तेव्हा चित्राभोवती चारी बाजूंनी वीत वीत पांढरी जागा दिसत होती. आधी हात शिवशिवला. मग शिवशिवायचा थांबला.

दिवाळीपासून घरातली सगळी माणसं माझ्याभोवती अशीच थोडी जागा सोडून उभी होती, आणि मी भिंत बघत होतो.

नवा ब्रश घेतला आहे. वानरासाठी एक जास्तीचा.

या पानावर खाली बरीच जागा उरली आहे. रेघ मारलेली नाही.